भाऊबिजेनंतरचा कार्तिक: आपण घरी थांबत का नाही?

दीपमाळ (धागाकर्ता)

कोजागरी पौर्णिमेपासून महाराष्ट्रात गावोगावी काकडा सुरू होतो आणि त्रिपुरी पौर्णिमेला काल्याच्या कीर्तनाने त्याची सांगता होते. या एवढ्या अवधीत दिवाळी येते, पाडवा आणि भाऊबीज होते, आवळीभोजने होतात, कार्तिकी एकादशी येते, तुळशीची लग्ने लागतात, वैकुंठ चतुर्दशीला हरिहर भेट होते. माणसांना एकमेकांच्या दारात इतक्या वेळा आणणारा दुसरा महिना आपल्या पंचांगात नाही, असे मला मनापासून वाटते. तरीही हा महिना आता मधोमध तुटला आहे. भाऊबिजेची ओवाळणी झाली की दुसऱ्या सकाळी पुण्या-मुंबईच्या गाड्या निघतात आणि गावात थकलेले आईवडील व काकड्याचे मोजके टाळकरी मागे उरतात. भाऊबिजेनंतर पौर्णिमेपर्यंत ज्या तेरा तिथी आहेत, त्यांतच कार्तिकाचे खरे वैभव असते आणि नेमक्या त्याच तिथींना घरे रिकामी असतात.

मला जे मांडायचे आहे ते असे, की कुटुंबाने वर्षातून एकदा एकत्र यायचे असेल, तर ते दिवाळीच्या चार दिवसांऐवजी कार्तिकी एकादशी ते त्रिपुरी पौर्णिमा या पाच दिवसांत यावे. दिवाळी ज्याने त्याने आपापल्या घरी करावी. ती तशी करता येते, कारण तिचे बहुतेक विधी घराच्या उंबऱ्याच्या आतले आहेत. अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन, पाडव्याचे ओवाळणे यांना शेजारी लागत नाही. एकादशीनंतरचे सण मात्र एकट्या घराला पेलत नाहीत. तुळशीचे लग्न लावायला मंगलाष्टके म्हणणारे, अंतरपाट धरणारे, अक्षता टाकणारे लागतात. आवळीभोजनाला झाडाखाली पंगत लागते. दीपमाळेवर पणत्या चढवायला खालून वर हात देणारी माणसे लागतात.

काकड्याचे तर संपूर्ण रूपच सामूहिक आहे. ज्यांनी तो अनुभवलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. पहाटे, उजाडायच्या पुष्कळ आधी, देवळात समया लागतात. भूपाळ्यांनी देवाला जागे केले जाते, कापडाचा पीळ तुपात भिजवून पेटवलेला काकडा ओवाळला जातो, आणि मग वासुदेव, आंधळा, पांगुळ, जोगी, मुका, बहिरा अशी रूपकाची पदे ओळीने म्हटली जातात. या रूपकांमध्ये संतांनी आपल्याला दारोदार फिरणाऱ्या, अपंग, मागत्या माणसाच्या भूमिकेत उभे केले आहे. पहाटेच्या थंडीत पन्नास माणसे एका सुरात आपण आंधळे आहोत, पांगळे आहोत, देवा हात दे, असे म्हणतात. त्यात गावचा सावकारही असतो आणि त्याच्या शेतावर राबणारा मजूरही असतो. त्यानंतर गौळणी होतात, आरती होते आणि ज्याची पाळी असेल त्या घरचा प्रसाद वाटला जातो. ही पाळी मला फार महत्त्वाची वाटते. महिनाभरात गावातले जवळजवळ प्रत्येक घर एकदा तरी देवळाचे यजमान होते, आणि त्या घरी त्या दिवशी कोणी नसले तर ते साऱ्या गावाला कळते.

श्रद्धा, नाते आणि मैत्री या तीन गोष्टी आपण हल्ली वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. कार्तिक त्या वेगळ्या ठेवू देत नाही. वैकुंठ चतुर्दशीचीच कथा घ्या. काशीला शंकराची सहस्र कमळांनी पूजा करताना विष्णूला एक कमळ कमी पडले, तेव्हा त्याने आपला कमळासारखा डोळाच वाहायला घेतला आणि प्रसन्न झालेल्या शंकराने त्याला सुदर्शन चक्र दिले. त्या रात्री विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहतात. एरवी ज्याची जी पूजासामग्री ठरलेली आहे, ती या एका रात्री अदलाबदल होते. शैव आणि वैष्णव यांच्या शतकांच्या वादाला लोकांनी दिलेले हे उत्तर मला कोणत्याही शास्त्रार्थापेक्षा मोठे वाटते.

आणि पौर्णिमेनंतर आळंदी. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. त्या प्रसंगाचे वर्णन आपल्याला मिळते ते नामदेवांच्या अभंगांतून, म्हणजे ज्याने त्यांच्याबरोबर तीर्थयात्रा केली त्या मित्राच्या शब्दांतून. निवृत्तिनाथ थोरले भाऊ होते आणि गुरूही होते. धाकट्या भावाला निरोप देताना त्यांच्यातला गुरू स्थिर राहिला आणि भाऊ कोसळला, हे ते अभंग वाचताना स्पष्ट जाणवते. सोपानदेव आणि मुक्ताबाई तिथेच होती. पुढच्याच महिन्यात सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली. एका भावंडांच्या घराची ही कहाणी साऱ्या महाराष्ट्राने सातशे वर्षे आपल्या घरची म्हणून जपली आहे, आणि ती सांगण्याचा काळ भाऊबिजेनंतर जेमतेम चार आठवड्यांनी येतो. भाऊबिजेला ओवाळून घेणाऱ्या किती भावांनी त्या त्रयोदशीला बहिणीबरोबर बसून ते अभंग ऐकले असतील?

आपल्या घरी, आपल्या गावी हा दुसरा पंधरवडा कसा पार पडतो, आणि मी म्हणतो तसा बदल शक्य आहे का, हे सर्वांनी सविस्तर लिहावे.

भातखाचर

धाग्याचा विषय अत्यंत जिव्हाळ्याचा आहे, परंतु आपले निरीक्षण घाटावरचे आहे असे नम्रपणे नमूद करतो. दक्षिण कोकणात आपण सुचवता ती व्यवस्था आजही जिवंत आहे, फक्त तिचे नाव जत्रा आहे. भातकापणी आटोपत आली, झोडणी होऊन भात घरात आले की कार्तिकात सिंधुदुर्गातल्या देवळांच्या वार्षिक जत्रा सुरू होतात आणि त्या पुढे दोन-तीन महिने गावागणिक चालतात. आमच्याकडे सासरी गेलेली मुलगी भाऊबिजेला येईलच असे नाही, पण जत्रेला ग्रामदेवतेची ओटी भरायला येणारच. जावई येतो, मुले येतात, रात्री पालखी निघते आणि तिच्यानंतर पहाटेपर्यंत दशावतार रंगतो. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येतो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु जत्रेला येणाऱ्यांची संख्याही कमी नसते, कारण त्या एका रात्री गावातली सगळी माहेरे उघडी असतात.

सोनुर्लीच्या माउलीच्या जत्रेत लोटांगणे घालायला जे लोक लांबून येतात, त्यांच्यातले पुष्कळ जण त्या निमित्ताने नातेवाइकांकडे उतरतात. नवस फेडणे आणि मावशीला भेटणे ही दोन कामे तिथे एकाच पिशवीतून येतात. जत्रेचा दिवस ठरवताना कोणी शहरातल्या रजेचा विचार करत नाही. दिवस देवाचा असतो आणि माणसे त्याप्रमाणे आपली रजा ठरवतात. मला वाटते, दिवाळीच्या चार दिवसांची सक्ती आपल्यावर सुट्टीच्या तक्त्याने आणली आहे, सणाने आणलेली नाही.

कृत्तिका

मी दीपमाळ यांच्या भावनेशी सहमत आहे, तरी एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. घर दिवाळीला भरते तेव्हा महिनाभर आधीपासून ज्या बायका भाजणी भाजतात, चकल्या तळतात, पाहुण्यांची अंथरुणे काढतात, त्यांच्याच माथी आता एकादशी ते पौर्णिमा हे आणखी पाच दिवस येणार का? पुरुषांनी पहाटे उठून टाळ वाजवायचे, परत आल्यावर त्यांना गरम चहा आणि पोहे हवेत, आणि मग तेच पुरुष सामूहिकतेचा महिमा सांगणार, हे चित्र मी फार जवळून पाहिले आहे. माझी आई वर्षानुवर्षे काकड्याला गेली नाही याचे कारण तिची श्रद्धा कमी होती हे नसून, काकड्याहून येणाऱ्यांचा चहा तिला करायचा असे हे होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की देवळात जी पाळीची पद्धत आहे तीच घरातल्या चुलीला लावावी. काल्याच्या महाप्रसादाला गावातले पुरुष मोठ्या कढया चढवतात, भात उपसतात, पंगतीत वाढतात आणि शेवटी भांडीही घासतात. म्हणजे त्यांना हे येते. देवळाच्या आवारात जे हात चालतात ते घराच्या ओट्याशी का थांबतात? कुटुंबाने एकत्र येण्याचे दिवस बदलायचे असतील तर कामाची वाटणीही त्याच बैठकीत ठरली पाहिजे, एरवी हा बदल बायकांना नको असेल आणि त्यांनी तो नाकारला तर त्यांना अश्रद्ध ठरवू नये.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. तुळशीचे लग्न हा अंगणातला सोहळा आहे, शेजारपाजार त्यात सहभागी होतो असे आपण लिहिले आहे. परंतु माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या एक काकू, ज्यांच्याच अंगणातून तुळशीला वाहायला बोरे आणि आवळे येत, त्या स्वतः लग्न लागताना ओसरीच्या आत उभ्या राहत, कारण त्या विधवा होत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. ठराव होऊन गेले. पण अंगणात कोण कुठे उभे राहते ते ठराव ठरवत नाही, आपण ठरवतो. आमच्या घरी आता तुळशीच्या मागे मामा म्हणून उभे राहण्याचा आणि पहिली अक्षता टाकण्याचा मान आम्ही घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईला देतो, तिचा नवरा हयात असो वा नसो. पहिल्या वर्षी कुजबुज झाली. आता विचारणारे कोणी नाही.

दीपमाळ (धागाकर्ता)

कृत्तिकाताई, आपला पहिला मुद्दा माझ्या प्रस्तावात असायलाच हवा होता आणि यापुढे तो त्याचा भाग आहे असेच समजावे. मामा म्हणून ज्येष्ठ बाईने उभे राहण्याची पद्धत वाचून फार समाधान वाटले. ज्या सोहळ्यात एका झाडाला लेक मानून तिचे कन्यादान करतो, ज्या जोडप्याला मूल नाही तेही ज्यात आईबाप होतात, त्या सोहळ्यातून एखाद्या आईला बाहेर ठेवणे हे त्या सोहळ्याच्या मूळ भावनेलाच धरून नाही.

फडकरी

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे हा महिना एकत्र येण्याचा नाही, निघून जाण्याचा आहे, आणि ते इथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

दसऱ्यानंतर गळीत हंगामाच्या तयारीला लागलेल्या कारखान्यांच्या टोळ्या हलू लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून दोघांनाही जावे लागते. काही वर्षी दिवाळी गावात होते आणि भाऊबिजेच्या आगेमागे ट्रक भरतात. काही वर्षी दिवाळीच उसाच्या फडात, कोपीसमोर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीसमोर होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने राहून माणसे उन्हाळ्यात परततात. लहान मुले बरोबर जातात किंवा आजीआजोबांजवळ राहतात. त्यामुळे कार्तिकी एकादशीला आमच्या गावातल्या देवळात जी माणसे दिसतात त्यांत तरुण जवळजवळ नसतात. शहरातली मुले परत गेल्याने आपली घरे रिकामी होतात, आमची घरे ऊसतोडीने रिकामी होतात. तुळशीच्या लग्नाला चार कोपऱ्यांना जे ऊस उभे करतात, ते तोडणारे हात त्या रात्री कुठे असतात याचा विचार सण साजरा करणाऱ्यांनी करावा, एवढीच अपेक्षा आहे.

तरीही श्रद्धा थांबत नाही हे सांगितले पाहिजे. फडावर दहा-पंधरा कोप्या जिथे पडतात तिथे एखादा माळकरी असतोच. तो एकादशी सोडत नाही आणि तिथेही हरिपाठ होतो. टाळ गावाहून बांधून आणलेले असतात. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या जातींची माणसे त्या कोप्यांमध्ये एकमेकांची होतात. बाळंतपण, आजारपण, साप चावणे, सगळे एकमेकांच्या भरवशावर निभावते. मैत्री म्हणून जे काही असते ते मी तिथे पाहिले. ज्या गावांच्या शिवारात या टोळ्या उतरतात, त्या गावांनी आपल्या काकड्याच्या शेवटच्या दिवसाच्या महाप्रसादाला या माणसांना पंगतीला बोलवावे. काही ठिकाणी बोलवतात. बोलवले तर उरलेले अन्न देऊ नये, पहिल्या पंगतीला बसवावे.

वाळवंटी

फडकरी यांच्या प्रतिसादापुढे नतमस्तक आहे. आमचे गाव उसाच्या पट्ट्यातले आहे. पुढचा काला जवळ येईल तेव्हा हा मुद्दा गावाच्या बैठकीत मांडतो.

मी पंढरपूरच्या कार्तिकीविषयी थोडे लिहितो, कारण आषाढीच्या तुलनेत तिच्याबद्दल कमी बोलले जाते. आषाढ शुद्ध एकादशीला देव झोपतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला जागे होतात, मध्ये चातुर्मास. आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात आणि कार्तिकीची उपमुख्यमंत्री, एवढे बातम्यांतून कळते. पण दोन्ही वाऱ्यांचा पोत पूर्ण वेगळा आहे. आषाढीला पेरण्या करून माणूस निघालेला असतो, पावसाकडे डोळे लागलेले असतात, मनात धास्ती असते. कार्तिकीला खरिपाचे जे काही यायचे ते आलेले असते. म्हणून कार्तिकीला मागणे कमी आणि सांगणे अधिक असते. वाखरीला जनावरांचा बाजार भरतो, खिलार बैलांची खरेदी-विक्री होते, आणि शेतकरी देवाचे दर्शन व बैलाचा व्यवहार एकाच फेरीत उरकतो. यात्रेच्या काळात देवाचा पलंग काढून ठेवतात आणि मंदिर दर्शनासाठी चोवीस तास उघडे राहते. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते आणि मगच देवाला विश्रांती मिळते. भक्त आले आहेत म्हणून देवाने झोपायचे नाही, हा विचारच किती घरगुती आहे.

यातली सर्वांत हृद्य गोष्ट त्यानंतरची. आषाढीला सर्व संतांच्या पालख्या देवाकडे येतात; कार्तिकात ज्ञानोबांच्या समाधी सोहळ्यासाठी पांडुरंगाच्या पादुकांची पालखी पंढरपुराहून आळंदीला जाते आणि नामदेवांचीही जाते. देव आणि मित्र, दोघेही भेटीला येतात. आपण नातेवाइकांना नेहमी आपल्याकडे बोलावतो, किंवा नेहमी त्यांच्याकडेच जातो. परतभेट द्यायची असते हे या दोन वाऱ्यांनी मला शिकवले. गावाकडच्या आईवडिलांनी शहरात मुलांकडे जाऊन राहणे हीदेखील परतभेटच आहे, आणि धागाकर्त्यांनी त्या बाजूचाही विचार करावा.

पैलतीर

मी स्वतः ईश्वरावर विश्वास ठेवत नाही, पण काकड्याला जातो. याचे कारण आमच्या गावातला माझा बालमित्र, जो मृदंग वाजवतो. त्याला पहाटे हाताला हात लागतो. मला टाळ धरता येतात, चाली पाठ आहेत, आणि त्याला सम कुठे येते ते माझ्या हाताला कळते. मी देव मानत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे आणि आजवर देवळात कोणी मला परका मानले नाही. श्रद्धाळू लोकांनी दाखवलेल्या या मोठेपणाविषयी मला अतिशय आदर आहे. हा महिना टिकवायचा असेल तर त्यात श्रद्धेची परीक्षा घेणारा कोणी नसावा, आणि मैत्रीखातर येणाऱ्याला जागा असावी.

रानआवळा

एक व्यावहारिक अडचण मांडतो. आमच्या गावात काही वर्षांपूर्वी काकड्याला ध्वनिक्षेपक लावायला सुरुवात झाली. देवळात सात माणसे आणि आवाज मात्र शिवारभर. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी माझा आक्षेप वेगळाच आहे. आवाज घरबसल्या ऐकू येऊ लागल्यावर लोक अंथरुणातूनच काकडा ऐकू लागले आणि येणे कमी झाले. आम्ही मग ठरवून ध्वनिक्षेपक बंद केला. त्याऐवजी दोघांनी आळीआळीतून टाळ वाजवत यायचे आणि दारातून हाक मारायची, असे सुरू केले. हाक नाव घेऊन मारायची. नाव घेतल्यावर माणसाला उठावेच लागते. उपस्थिती दुप्पट झाली असे म्हणणार नाही, पण जी मुले दिवाळीच्या सुट्टीत आली होती ती हाकेमुळे येऊ लागली, आणि त्यांतल्या दोघांनी पखवाजाचे बोल शिकायला घेतले.

आवळीभोजनाविषयीही लिहायचे आहे. आवळा नवमी, म्हणजे कार्तिक शुद्ध नवमी, ही भाऊबिजेनंतर आठवड्याने येते. पण आवळीभोजन त्याच दिवशी झाले पाहिजे असे नाही, कार्तिकात कधीही सोयीने करतात. झाडाची पूजा, झाडाला प्रदक्षिणा आणि त्याच्या सावलीत जेवण, एवढाच विधी. यात घर झाडायचे नाही, पाहुण्यांची झोपायची सोय करायची नाही. प्रत्येकाने आपला डबा आणायचा. ज्या मित्रांना घरी बोलावण्याइतकी जवळीक उरलेली नाही पण ज्यांना भेटावेसे वाटते, अशा जुन्या वर्गमित्रांसाठी याहून सोपे निमित्त मला तरी दिसत नाही. कृत्तिकाताईंनी सांगितलेला कामाचा भारही यात सर्वांत कमी आहे.

गोदातीर

मी नांदेडचा आहे आणि मला इथे एक उपयोगी माहिती द्यायची आहे. दीपमाळ यांनी रजेचा प्रश्न सोडून दिला आहे, परंतु कार्तिक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, कारण तीच गुरू नानक जयंती. आमच्या शहरात हा दिवस दोन्ही अंगांनी साजरा होतो. तख्त सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात गर्दी असते, लंगर चालू असतो, आणि इकडे गोदावरीच्या घाटावर त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे असतात. माझ्या शीख शेजाऱ्यांच्या घरी मी त्या दिवशी न चुकता जातो आणि तुळशीच्या लग्नाला ते आमच्याकडे येतात. ज्या नामदेवांनी आळंदीच्या समाधीचे अभंग लिहिले, त्यांचीच ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यामुळे या पौर्णिमेला ते आमच्या दोन्ही घरांचे असतात, आणि ही गोष्ट शेजाऱ्यांच्या आजोबांनी मला सांगितली होती, माझ्या घरच्यांनी नव्हे.

आता रजेचे गणित. चांद्र तिथी असल्याने पौर्णिमा दरवर्षी सरकते. २०२५ साली ती ५ नोव्हेंबरला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे गेले आहेत: लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ नोव्हेंबरला आणि पौर्णिमा २४ नोव्हेंबरला, मंगळवारी. म्हणजे शनिवार-रविवार ज्यांना सुट्टी आहे त्यांनी फक्त सोमवारची एक रजा काढली तर सलग चार दिवस मिळतात, आणि ते द्वादशीच्या आसपास सुरू होऊन पौर्णिमेला संपतात. तुळशीचे लग्न, वैकुंठ चतुर्दशी आणि काला, तिन्ही त्यात बसतात. शाळांच्या दिवाळीच्या सुट्ट्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात, त्या तेवढ्या तपासून घ्याव्यात.

भातखाचर

गोदातीर, ही माहिती फारच मोलाची. गोव्यात साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर त्रिपुरी पौर्णिमेला सजवलेल्या नौका सोडतात, त्यालाही ही सुट्टी उपयोगी पडेल. कोल्हापूरकरांना पंचगंगेच्या घाटावरच्या पहाटेच्या दीपोत्सवाची आठवण करून द्यायची गरज नाही, पण ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी घरच्या वृद्धांना घेऊन एकदा अवश्य जावे.

कृत्तिका

पौर्णिमेविषयी आणखी एक नोंद. कार्तिक पौर्णिमेला, विशेषतः कृत्तिका नक्षत्राचा योग असताना, पुण्याच्या पर्वतीवर कार्तिकस्वामींच्या दर्शनाला बायकांची रांग लागते, कारण एरवी तिथे त्यांनी दर्शन न घेण्याची रूढी आहे. माझ्या सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी त्या दिवशी एकत्र पर्वती चढत. आता त्यांच्यातल्या दोघींचे गुडघे साथ देत नाहीत, तर त्या पायथ्याशी बसून बाकीच्यांची वाट पाहतात. त्यांच्या त्या मैत्रीविषयी मला पूर्ण आदर आहे. रूढीविषयी मात्र मी असेच म्हणेन, की ज्या दर्शनाला त्या इतक्या भक्तीने जातात ते त्यांना बाराही महिने खुले असावे.

दीपमाळ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाळवंटी यांच्या परतभेटीच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला आणि तो मला पटला. आईवडिलांना कोजागरीनंतर शहरात आणावे, दिवाळी शहरातल्या घरी व्हावी, आणि एकादशीच्या सुमारास सर्वांनी मिळून त्यांना गावी पोहोचवायला जावे, म्हणजे जाणे आणि येणे दोन्ही साधते. अडचण एवढीच, की काकड्यातली घरची पाळी दिवाळीआधी आली तर घर बंद असेल. त्यावर उपाय म्हणून पाळी लावताना बाहेरगावी असणाऱ्यांच्या घरांना शेवटचे पाच दिवस द्यावेत, अशी विनंती मी गावातल्या मंडळींना केली. वीणेकऱ्यांनी ती मान्य केली आहे, परंतु त्यांची अट अशी, की शेवटच्या पाच दिवसांत पाळी घेणाऱ्या घरातल्या कोणीतरी त्या दिवशी पहाटे स्वतः हजर असले पाहिजे. पैसे पाठवून प्रसाद करवून घेतलेला चालणार नाही. ही अट मला योग्य वाटते.

आमच्या कुटुंबाच्या बैठकीत २०२६ च्या नोव्हेंबरसाठी गोदातीर यांनी दिलेल्या तारखा ठेवल्या आहेत. स्वयंपाकाची वाटणी कागदावर उतरवली आहे. शनिवार आणि मंगळवार पुरुषांकडे, रविवार मुलांकडे, सोमवारी आवळीभोजन आणि प्रत्येकाचा डबा. आमच्या शिवाराशेजारी ज्या टोळ्या उतरतात त्यांच्या मुकादमाशी बोलून काल्याच्या पहिल्या पंगतीचे आमंत्रण द्यायचे काम माझ्या धाकट्या भावाने घेतले आहे. फडकरी, कोप्यांवर जाऊन आमंत्रण देताना काय सांभाळावे, कोणत्या वेळी गेले तर माणसे भेटतात, हे आपण कृपया लिहावे.

फडकरी

संध्याकाळी गाड्या भरून झाल्यावर जावे. पहाटे माणसे फडात असतात आणि दुपारी कोणी भेटत नाही. मुकादमाला सांगितले तरी प्रत्येक कोपीवर जाऊन घरच्या बाईला वेगळे सांगावे, कारण मुलांना घेऊन यायचे की नाही ते तीच ठरवते. पंगत रात्री असेल तर येण्याजाण्याला ट्रॅक्टर पाठवावा. आणि त्यांच्यात जर कोणी माळकरी असेल, तर त्याला आधी कीर्तनात टाळ धरायला बोलवावे, जेवणाचे आमंत्रण नंतर द्यावे.